समोर काच नसताना

समोर काच नसलेल्या गाडीवर वाऱ्याचा पहिला मार डोळ्यांना बसतो. मोटारसायकल, मोपेड, बिनकेबिनचा ट्रॅक्टर, काच बॉनेटवर पाडून चालवायची जुनी जीप, यांपैकी कशावरही माणूस ताशी ४० किलोमीटरने निघाला की झाडाचे पान हलत नसले तरी त्याच्या तोंडावर ताशी ४० किलोमीटरचा वारा असतो. हवेत जे तरंगत असेल ते त्या वाऱ्याबरोबर डोळ्यांपर्यंत पोचते. नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात कन्हान नदीजवळ वसलेल्या खापरखेड्यात हवेत पुष्कळ काही तरंगते. गावालगत महानिर्मितीचे १३४० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे, पलीकडे कोराडीचे त्याहून मोठे. सिल्लेवाडा, पिपळा, वलनी हा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणींचा पट्टाही जवळच. कोळशाचे ट्रक, राखेचे बल्कर, राखेच्या विटांनी भरलेल्या ट्रॉल्या आणि पाळीवर जाणारे कामगार एकाच रस्त्याने जातात.

अशा रस्त्यावर डोळे कसे जपावेत याबद्दल दोन मते ऐकू येतात आणि दोन्हींमागे अनुभव आहे. एक मत विटांची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरमालकाचे; त्याने आयुष्यात गॉगल लावलेला नाही. दुसरे त्याच्या भाचीचे. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचे काम करते आणि मोपेडवर कोराडी रस्त्याने नागपूरला ये-जा करते. पुढील मांडणीत ही मते मामाजी आणि भाची यांच्या तोंडून येतात.

"देवानं पापणी कायले देल्ली मंग?" हा मामाजींचा पहिला सवाल. "कचरा आला का डोया मिटते, पानी येते, कचरा भाईर. तीस वर्सं झाले ट्रॅक्टर चालवून रायलो, माहे डोये शाबूत आहेत. गॉगल लावा, मंग घाम पुसा, मंग गॉगल पुसा. गाडी कवा चालवाची?"

या म्हणण्यात तथ्य आहे. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर, म्हणजे पारपटलावर, अश्रूंचा एक अखंड थर पसरलेला असतो. त्याची जाडी जेमतेम तीन मायक्रोमीटर. सर्वांत आत चिकट श्लेष्म, त्यावर पाणी, आणि पाणी उडून जाऊ नये म्हणून वरून पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून आलेले तेल, अशी त्याची रचना असते. माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो आणि प्रत्येक वेळी हा थर नव्याने सारवला जातो. बारीक धूळ या सारवण्यातच नाकाकडच्या कोपऱ्यात ढकलली जाते. सकाळी तिथे साठलेली चिपडे ती हीच. घरात, अंगणात, बैलगाडीवर ही व्यवस्था पुरते.

वाऱ्यात मात्र तिच्यावर ताण येतो. थर वाळण्याचा वेग वाढतो आणि दोन मिटण्यांच्या मधल्या चार सेकंदांतच त्याला जागोजाग भोके पडतात. वैदर्भीय उन्हाळ्यात हे आणखी लवकर घडते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. मे महिन्याच्या दुपारी पारा ४४-४५ वर असतो आणि हवेत ओल जवळजवळ नसते. उघडा पडलेला भाग चुरचुरला की अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. मामाजींना हे पाणी डोळ्याची ताकद वाटते. प्रत्यक्षात ती कोरडेपणाची तक्रार असते, आणि त्या पाण्यात तेल-श्लेष्माचे प्रमाण बिघडलेले असल्याने ते टिकत नाही, गालावर ओघळते. ओघळताना समोरचा ट्रकही धूसर दिसतो.

"मामाजी, पापणी येते, पण उशिरा येते," असे भाचीचे उत्तर. "डोळ्यासमोर काही आलं हे कळून पापणी मिटायला सेकंदाचा दहावा भाग तरी जातो. साठच्या स्पीडला तेवढ्यात गाडी दीड मीटरच्या वर पुढे गेली असते. खडा डोळ्यात बसल्यावर मिटून काय फायदा?"

"माहा ट्रॅक्टर का साठनं पळते? विटा भरल्या का वीसच्या वर जात नाई."

इथे मामाजींचा हिशेब चुकतो, कारण धडकेचा वेग दोन्ही गाड्यांचा मिळून बनतो. वीसने चाललेल्या ट्रॅक्टरसमोरून साठने ट्रक आला आणि त्याच्यावरून कोळशाचा तुकडा सुटला, तर तो ताशी ८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २२ मीटरने अंगावर येतो. पुढच्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांत अडकलेला खडा तर टायरच मागच्याच्या वाटेत भिरकावतो.  हळू चालवणाऱ्याला एक लाभ जरूर मिळतो: मागे राहून अंतर वाढवता येते. कोळशाच्या ट्रकमागे पन्नास-साठ मीटर सोडून चालणे हा डोळ्यांचा सर्वांत स्वस्त बचाव आहे आणि त्याबद्दल दोघांत वाद नाही.

डोळ्यात काय जाते यावर पुढचे सगळे अवलंबून असते, म्हणून तिकडे जरा बारकाईने पाहणे बरे.

खापरखेड्यात सर्वांत जास्त शिव्या खाते ती राख. भारतीय कोळशात ३० ते ४५ टक्के राख निघते. एक टन कोळसा जाळला की तीन-चार क्विंटल राख पदरात पडते. चिमणीपूर्वीची स्थिरविद्युत यंत्रणा तिचा बहुतेक भाग पकडते. नंतर ती पाण्यात कालवून बंधाऱ्यांकडे जाते, बल्करमधून सिमेंट कारखान्यांकडे जाते किंवा भट्टीविना चालणाऱ्या विटांच्या कारखान्यांत जाते. बंधाऱ्याचा वरचा थर वाळला आणि वारा सुटला की ती पुन्हा हवेत येते. पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावच्या लोकांनी या राखेविरुद्ध उठवलेला आवाज २०२२ च्या सुरुवातीला थेट राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांपर्यंत गेला होता. केंद्राची ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना सगळी राख वापरात आणायला सांगते. वापर वाढला म्हणजे वाहतूकही वाढली, हे रस्त्यावरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

असे असले तरी डोळ्याला खरचटवण्यात राख पहिल्या नंबरची गुन्हेगार नाही. भट्टीत वितळून थिजलेले तिचे कण बहुधा गोल, काचेच्या गोळ्यांसारखे असतात आणि बरेचसे केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. ते चुरचुरतात, डोळा लाल करतात, थोड्या क्षारयुक्ततेने जळजळही होते. पण पाण्याने निघून जातात. कोळशाची भुकटी आणि रस्त्याकडेची रेती यांचे कण फुटलेले, धारदार असतात. रेतीतला क्वार्ट्झ तर काचेवर ओरखडा काढतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पारपटलाची त्यापुढे काय कथा?

धारदार कण बहुधा वरच्या पापणीच्या आत, कडेपासून दोनएक मिलिमीटरवर असलेल्या बारीक खाचेत जाऊन बसतो. माणूस डोळा मिटतो, उघडतो, आणि दर मिटण्याला तो कण पारपटलावर उभी रेघ ओढतो. दुकानात आलेल्या अशा माणसाच्या डोळ्यात डॉक्टर पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहतात तेव्हा वरच्या भागात मांजराने नख मारावे तशा हिरव्या चमकणाऱ्या उभ्या रेघा दिसतात. पापणी उलटी केली की गुन्हेगार सापडतो, ओल्या बोळ्याने अलगद टिपला की अर्धे दुखणे तिथेच थांबते. या रेघा कण काढतो, पण त्या खोल करतो तो डोळा चोळणारा हात, हे भाची गिऱ्हाइकांना वारंवार सांगते.

शेतातला कचरा दिसायला मऊ आणि परिणामाने सर्वांत वाईट. गहू, सोयाबीन, तूर काढताना थ्रेशरमधून उडणारे कुटार, धानाचे टरफल, कपाशीच्या पऱ्हाटीचा तुकडा यांच्याबरोबर बुरशी येते. धानाचे टरफल किंवा किड्याचे पंखकवच वाटीसारखे पोकळ असल्याने डोळ्याला चिकटूनच बसते, पाण्यानेही हलत नाही. ओरखड्यातून फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी आत शिरली की आठवड्याभरात पारपटलावर पांढरट डाग उमटतो. उष्ण प्रदेशातल्या शेतकऱ्यांची नजर जाण्याचे हे एक ठळक कारण आहे आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात.

किड्यांचा हंगाम वेगळा. पहिल्या पावसानंतर उधईला पंख फुटतात आणि दिवेलागणीला दुचाकीच्या दिव्याभोवती ढग जमतो. दिवाळीच्या सुमारास धानपट्ट्यातून तुडतुडे येतात. पावसाळ्यातच एक लाल-काळ्या पट्ट्यांचा, मुंगीएवढा पेडेरस नावाचा किडा दिव्याकडे येतो. तो चावत नाही. चिरडला की त्याच्या अंगातले विष कातडी भाजते. गालावर बसला असता चोळला आणि तोच हात डोळ्याला लावला तर पापणी सुजून बंद होते. त्याला फुंकर घालून उडवावे.

जानेवारीत नायलॉन मांजाची भर पडते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तरी संक्रांतीच्या आसपास दुचाकीस्वारांचे गळे आणि चेहरे कापले जातातच. अशा वेळी खाली पाडलेली हेल्मेटची काच डोळे वाचवते. गळ्याला तिचा उपयोग नाही.

मामाजींच्या आठवणीत आणखी एक कचरा आहे, आता हद्दपार झालेला. "छोट्या लाईनच्या कोयशाच्या इंजिनात ड्रायव्हर अर्धा भाईर लटकून राये. त्याच्या डोयाले चष्मा राये, हे खरं. खिडकीतून मुंडकं काढनाऱ्या पोट्ट्याच्या डोयात मातर गरम खडी जायेच." नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि तिची ब्रॉडगेज झाली; तशी इंजिने आता नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात पाहायला मिळतात. बाहेर डोके काढून गाडी चालवणाऱ्या माणसाला चष्मा लागतो, हे रेल्वेला कळायला कोणती परिषद भरवावी लागली नसणार.

या उदाहरणावर भाची बोट ठेवते. "मग इंजिन ड्रायव्हरला चालतं ते तुम्हाला का नाही चालत?"

"त्याचा चष्मा सादा राये, बाई. आताचे पोट्टे काया गॉगल लावतेत, संध्याकाळीबी. त्याहिले खड्डा दिसत नाई, गाय दिसत नाई. त्याच्यापक्षा माहा उघडा डोया बरा."

मामाजींचा हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि चष्म्याचा धंदा करणाऱ्यांनाही तो मान्य करावा लागतो. खापरखेड्यात गॉगल उन्हासाठी घेतला जातो. त्यामुळे तो काळा असतो, रुंदीला छोटा असतो आणि ऊन उतरले की खिशात जातो. डोळ्याला इजा करणाऱ्या गोष्टी मात्र चोवीस तास उडत असतात, किडे तर मुद्दाम संध्याकाळी येतात. दिवसपाळी सुटते त्या वेळी, संधिप्रकाशात, काळा गॉगल लावला तर नजर मंदावते आणि काढला तर डोळा उघडा पडतो. म्हणून धुळीच्या रस्त्यावर रोजच्या वापरासाठी पहिला चष्मा पांढराच घ्यावा, म्हणजे बिनरंगाचा. नंबर नसेल तर झीरो नंबरचा. उन्हासाठी दुसरा, रंगीत, वेगळा ठेवावा. एकच घेण्याची ऐपत असेल तर पांढरा.

रंगीत काचांची आंतरराष्ट्रीय प्रतवारी ० ते ४ अशी असते. तिसऱ्या प्रतीची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते आणि भर उन्हात गाडी चालवायला ती पुरेशी आहे. चौथ्या प्रतीची ८ टक्क्यांहून कमी सोडते. ती बर्फाच्या डोंगरांसाठी असते, गाडी चालवताना ती कोणत्याही वेळी वापरू नये. रात्री ७५ टक्क्यांपेक्षा कमी उजेड सोडणारी कोणतीच काच नको. 'नाइट ड्रायव्हिंग'च्या नावाखाली विकले जाणारे पिवळे चष्मेही आधीच कमी असलेला उजेड आणखी कापतात. समोरच्या दिव्याचा त्रास कमी झाल्यासारखा वाटतो, दिसणे सुधारत नाही. गडदपणाचा आणि अतिनील किरण अडवण्याचा संबंध नाही, तो गुण काचेच्या द्रव्यात किंवा लेपात असतो. फूटपाथवरच्या काळ्या गॉगलात तो असेलच अशी खात्री देता येत नाही, आणि तो नसेल तर गडद काचेमागे बाहुली मोठी होत असल्याने अतिनील किरण उलट जास्त आत जाऊ शकतात.

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या 'डे-नाइट' काचा हा सोयीचा मधला मार्ग वाटतो. विदर्भात त्याला दोन अडचणी आहेत. या काचा अतिनील किरणांनी काळ्या होतात आणि हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची काच तेच किरण अडवते, म्हणून तिच्यामागे त्या जेमतेम रंगतात. शिवाय उष्णता वाढली की त्यांचा रंग फिका पडतो. म्हणजे ४५ अंशांच्या दुपारी, गरज सर्वाधिक असताना, त्या सर्वांत कमी काम देतात.

काचेचे द्रव्य हा पुढचा मुद्दा, आणि इथे भाचीचा अधिकार चालतो. खरी काच वजनदार, ओरखडा न पडणारी, पण फुटली तर तिच्याच कपच्या डोळ्यात. लोक ज्याला फायबर म्हणतात तो साधा प्लास्टिक भिंग हलका असतो, मोठ्या धक्क्याने तोही तडकतो. पॉलिकार्बोनेट तडकण्याऐवजी वाकते. म्हणून कारखान्यातले सेफ्टी गॉगल आणि चांगल्या हेल्मेटच्या काचा त्याच्या असतात. किंमत थोडी जास्त आणि ओरखडे लवकर, हे त्याचे दोष.

युरोपीय मानकात सुरक्षा-चष्म्यावर 'एफ' असे अक्षर असेल तर त्याने ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने झेललेली असते. बंद गॉगलवर येणारे 'बी' असेल तर १२० मीटरने. हिशेब केला तर पहिली चाचणी जूलच्या आतली आणि दुसरी सहा जूलची. ट्रकमधून सुटलेला पाच ग्रॅमचा कोळसा समोरासमोर ताशी ११० किलोमीटरच्या एकत्रित वेगाने आला तर त्याच्यात दोन जूलपेक्षा थोडी जास्त ऊर्जा असते. म्हणजे 'एफ' चष्मा धूळ, किडे, कुटार यांना पुरतो. कोळशाच्या ट्रकांमध्ये रोज वावरणाऱ्याने 'बी'चा बंद गॉगल शोधावा किंवा चष्म्यावर हेल्मेटची काचही पाडावी. अमेरिकी मानकाच्या चष्म्यावर 'झेड८७' पुढे अधिकचे चिन्ह असेल, तर त्याचा अर्थ जोराच्या आघाताची चाचणी झाली असा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा पांढरा सेफ्टी गॉगल बहुतेकदा फॅशनच्या गॉगलपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाचा निघतो. तो लावून फोटो चांगला येत नाही एवढेच.

नंबरचा चष्मा लावणारे स्वतःला सुरक्षित समजतात. समोरून ते थोडेफार आहेतही. वारा मात्र काचेच्या कडेवरून वळून बाजूने आत शिरतो आणि धूळ काचेमागे भोवऱ्यात अडकवतो. कानशिलापर्यंत वळलेली चौकट, वरून भुवयांना आणि खालून गालाला जवळजवळ टेकणारी काच, आणि घाम जायला वर बारीक फट, ही रचना पाहून घ्यावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने धुळीत बंद गॉगलशिवाय दुचाकी चालवूच नये. कण लेन्सखाली गेला की गाडी थांबवून, हात धुऊन ती काढण्याखेरीज इलाज नसतो.

हेल्मेटच्या काचेवरून मात्र मामाजी भाचीला पेचात पकडतात. तिच्या मोपेडवर टांगलेल्या हेल्मेटची काच ते उन्हासमोर धरून दाखवतात. "हे पाह्य. कोयत्यानं खरडल्यावानी झालं. रातच्याले समोरून गाडी आली का तुले सूर्य दिसत असन."

तिला हे मान्य करावे लागते. ओरखडे पडलेली काच रात्री समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती किरणांचे जाळे विणते आणि त्या जाळ्यात पायी चालणारा माणूस हरवतो. अशी काच खाली पाडून चालवण्यापेक्षा ती वर करून आत पांढरा चष्मा लावणे अधिक सुरक्षित. काच खराब करणारी चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो: सिग्नलला थांबला की ओढणीने किंवा बाहीने कोरडी पुसतो. राख आणि रेती काचेवर बसलेली असताना कोरडे फडके म्हणजे पॉलिश पेपर. आधी पाणी ओतावे, साबणाचा फेस बोटांनी फिरवावा, पुन्हा पाणी, मग सुती कपड्याने टिपावे. पेट्रोल, थिनर, स्पिरिट लावू नये; पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात. एवढे करूनही रोजच्या धुळीत काच वर्ष-दीड वर्षात बदलावी लागते. ती वेगळी मिळते, त्यासाठी नवे हेल्मेट घ्यावे लागत नाही.

डिसेंबरच्या पहाटपाळीला श्वासाने काच धुरकटते. तोंडावर दुपट्टा बांधला असेल तर जास्तच, कारण गरम श्वास वर ढकलला जातो. दुपट्टा नाकाच्या खाली बांधावा, काच बोटभर उघडी ठेवावी, आतून पातळ साबण चोळून कोरडा पुसून काढावा. दोन-तीन दिवस काम भागते. उन्हाळ्यात तोच दुपट्टा डोक्या-कानांना लूपासून वाचवतो, पण डोळ्यांसाठी ठेवलेल्या फटीतून वारा आणखी जोराने आत येतो. दुपट्टा आणि चष्मा जोडीनेच वापरायच्या वस्तू आहेत.

कायद्याकडून याबाबत फार मदत होत नाही. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे करते, १९४-ड प्रमाणे एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरण्याची तरतूद आहे, १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाखेरीज दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. कलमाचा रोख डोक्यावर आहे. काच वर करून किंवा काढून टाकून चालवणाऱ्याला हवालदार थांबवत नाही. ट्रॅक्टरवाल्याला तर हेल्मेटही नाही.

मग ट्रॅक्टरवर काय? मामाजी शेवटपर्यंत एका गोष्टीवर अडून राहतात. "नांगरताना मी नाई लावत. काऱ्या मातीत, ओल असली का धुर्रा कायचा?" ओल्या काळ्या मातीत संथ नांगरटीला चष्म्याची गरज थोडी, हे खरे. भाची त्यांच्याकडून उरलेल्या तीन कामांची कबुली घेते: उन्हाळी कोरड्या रानात रोटाव्हेटर, थ्रेशरजवळची मळणी आणि कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावरून विटांची खेप. मळणीला तर ट्रॅक्टरवर बसलेल्यापेक्षा पेंढ्या टाकणाऱ्या बायांना चष्म्याची निकड जास्त असते आणि त्यांच्यासाठी तो कोणी आणत नाही. चार सेफ्टी गॉगल टूलबॉक्सात ठेवावेत आणि मशीन सुरू करण्याआधी वाटावेत.

एवढे करूनही काही गेलेच तर पहिला नियम गाडी बाजूला घेण्याचा आणि दुसरा हात डोळ्याकडे न नेण्याचा. वरची पापणी धरून खालच्या पापणीवर ओढावी आणि सोडावी; खालच्या केसांनी कण झाडला जातो. ओंजळीत किंवा वाटीत पिण्याचे स्वच्छ पाणी घेऊन त्यात डोळा उघड-मीट करावा. सिमेंट, चुना किंवा ओंजळभर राख गेली असेल तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे, घड्याळ लावून. रुमालाचे टोक, काडी, जिभेने कण काढणारी गावातली जाणती बाई, एरंडेल, मध, आईचे दूध यांतले काही नको. जिभेने आणि दुधाने जंतूच आत जातात. कण रुतलेला दिसला, किंवा ग्राइंडर-हातोड्याच्या कामात लोखंडाची किरच जोराने शिरली असेल, तर पाणीही न मारता डोळ्यावर कागदी कपाचे बूड दाब न देता चिकटवून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लोखंडाचा कण काही तासांतच गंज सोडू लागतो आणि कण निघाल्यावरही गंजाचे कडे मागे राहते.

"मेडिकल स्टोरवाला थेंब देते न. आराम पडते," असे मामाजी म्हणतात, आणि धोका नेमका त्या आरामात असतो. लाली झटपट घालवणाऱ्या अनेक थेंबांत स्टिरॉइड असते. ओरखड्यात बुरशी असेल तर स्टिरॉइड तिला मोकळे रान देते. चार दिवस डोळा पांढराशुभ्र दिसतो आणि पाचव्या दिवशी नजर धूसर झालेली असते. तपासणीच्या वेळी डॉक्टर टाकतात ते बधिर करणारे थेंबही घरी न्यायचे नसतात, वारंवार वापराने जखम भरतच नाही. स्वच्छ धुण्याखेरीज दुकानातून घ्यायचे झाले तर फक्त कृत्रिम अश्रूंचे थेंब.

लहान ओरखडा एक-दोन दिवसांत आपोआप भरतो. एक रात्र झोपून उठल्यावरही टोचत असेल, उजेड सहन होत नसेल, पारपटलावर पांढरा ठिपका दिसत असेल किंवा नजर कमी वाटत असेल तर त्याच दिवशी नागपूरला मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात दाखवावे, आणि कुटार गेले होते की लोखंड हे न विसरता सांगावे. शेतातल्या कचऱ्याच्या जखमेवर घरी पट्टी बांधून डोळा झाकून ठेवू नये, उबेत बुरशी वाढते. डॉक्टरांनी पट्टी लावलीच तर ती असेपर्यंत स्वतः गाडी चालवू नये. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून त्या दिवसाची विटांची खेप दुसऱ्या ड्रायव्हरकडे द्यावी.